गायकाचा कंठ आणि काळाचा हात

सतार जुनी झाली तर तिच्या तारा बदलता येतात. पेटीचे सूर बिघडले तर कारागिराकडून ते पुन्हा जुळवून घेता येतात. तबल्याची पुडी फाटली तर नवी चढविता येते. गायकाचे वाद्य मात्र त्याच्या देहातच असते. ते बाजारात मिळत नाही, आणि एकदा बिघडले की त्याच्या जागी दुसरे बसविता येत नाही. देह वाढतो, थकतो, आजारी पडतो, वृद्ध होतो. त्याच्याबरोबर हे वाद्यही वाढते, थकते व वृद्ध होते. मग ज्या गायकास चाळीस-पन्नास वर्षे गावयाचे आहे, त्याने काय करावे? या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. उदाहरणादाखल आम्ही मुख्यतः ‘रॉक’ या पाश्चात्य गायनप्रकारातील गायक घेतले आहेत. कारण कंठाची इतकी कठोर परीक्षा पाहणारे गायन दुसरे क्वचितच असेल. तथापि आपल्या घरच्या परंपरेकडेही आम्ही पाठ फिरविणार नाही.

प्रथम हे वाद्य कसे आहे ते पाहू. आपल्या गळ्यात पुढच्या बाजूस हाताला जो उंचवटा लागतो, त्याच्या आत स्वरयंत्र असते. त्यात समोरासमोर दोन स्वरतंतू असतात. ‘तंतू’ हे नाव थोडे फसवे आहे. वस्तुतः त्या दोऱ्या नसून स्नायूंच्या दोन लवचीक घड्या आहेत व त्यांवर ओलसर, मऊ त्वचेचे आवरण असते. फुप्फुसातील हवा वर येऊ लागली की या घड्या मिटतात, हवेच्या दाबाने उघडतात व पुन्हा मिटतात. ही उघडझाप म्हणजेच आवाजाचा उगम होय. फुगा फुगवून त्याचे तोंड दोन बोटांनी ताणून धरले व हवा सोडली, तर जो चिरका स्वर निघतो, त्यामागील तत्त्व हेच. तोंड अधिक ताणले की स्वर चढतो, सैल सोडले की उतरतो.

प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा ही उघडझाप दर सेकंदास साधारणतः शंभर ते सव्वाशे वेळा होते, स्त्री बोलते तेव्हा सुमारे दोनशे वेळा. गाताना हा आकडा पुष्कळच वाढतो. एखाद्या गायकाने दर सेकंदास 440 कंपनांचा उंच स्वर एक मिनिट धरला, तर त्याचे स्वरतंतू त्या मिनिटात 26,400 वेळा एकमेकांवर आपटतात. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमात हे आघात लक्षावधी होतात. बोटाच्या पेराहूनही लहान असलेल्या या अवयवाने एवढे श्रम सोसावेत, हे निसर्गाचे एक आश्चर्यच म्हटले पाहिजे.

हे वाद्य जन्मभर एकाच आकाराचे राहत नाही. बालपणी मुलगा व मुलगी यांच्या आवाजात फारसा भेद नसतो. वयात येताना मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. यालाच आपण ‘आवाज फुटणे’ म्हणतो. मुलींचा आवाजही बदलतो, परंतु तो दोन-तीन स्वरांनीच उतरतो, म्हणून तो बदल कानास जाणवत नाही. आठवी-नववीतील एखादा विद्यार्थी स्नेहसंमेलनात गाताना मध्येच चिरकतो आणि सारे सभागृह हसते. परंतु त्यात हसण्यासारखे काही नाही. नव्या लांबीच्या स्वरतंतूंवर त्याच्या स्नायूंचा ताबा अद्याप बसलेला नसतो, एवढेच. काही महिने गेले की तो ताबा येतो. अशा दिवसांत त्याने गाणे सोडू नये. ओरडून मात्र गाऊ नये.

यानंतर विशी-पंचविशीपासून पुढची बरीच वर्षे कंठाचा ऐन बहर असतो. मग हळूहळू उतार लागतो. स्वरयंत्राच्या कूर्चा कठीण होऊ लागतात व काही अंशी त्यांचे हाडात रूपांतर होते. स्वरतंतूंतील स्नायू कृश होतात, त्यामुळे दोन घड्या पूर्वीसारख्या घट्ट मिटत नाहीत. मधल्या फटीतून हवा निसटते व आवाजात फुसकेपणा येतो. वरील आवरणातील ओलावा कमी होतो. छातीचा पिंजरा ताठर बनतो व दमसास घटतो. गमतीची गोष्ट अशी की, उतारवयात पुरुषाचा बोलण्याचा आवाज किंचित चढतो व स्त्रीचा आवाज उतरतो. आजोबांचा आवाज पातळ व आजीचा भरदार वाटतो, त्याचे कारण हेच. गायकाच्या स्वरातील आंदोलनही वयपरत्वे संथ व रुंद होत जाते, म्हणून वृद्ध गायकाचा लांबविलेला स्वर थरथरल्यासारखा भासतो.

हा झाला निसर्गक्रम. तो कोणासही चुकत नाही. परंतु रॉक गायकाच्या वाट्यास याहून अधिक काही येते.

रॉक संगीत अमेरिकेत 1950 नंतरच्या दशकात उदयास आले. कृष्णवर्णीय लोकांची दुःखगीते व तेथील ग्रामीण गीते यांच्या मिश्रणातून ते जन्मले आणि 1960 नंतर इंग्लंडमधील तरुणांनी ते जगभर नेले. विजेवर चालणारी गिटार व मोठे ढोलताशे ही त्याची प्रमुख वाद्ये. या वाद्यांचा गजर एवढा असतो की, त्यात गायकास स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा होतो. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत तो चढवितो, ही गोष्ट लोंबार नावाच्या फ्रेंच वैद्याने 1911 साली दाखवून दिली. जत्रेच्या गर्दीत आपण शेजारच्याशीही ओरडून बोलतो, तसेच हे आहे. पुढे गायकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड केलेले ध्वनिवर्धक ठेवण्याची प्रथा पडली व अलीकडे कानातच लहानसे यंत्र बसवितात, त्यामुळे हा ताण काहीसा हलका झाला आहे.

शिवाय रॉक गायनात स्वर नितळ असावा असा आग्रह नसतो. राग, वेदना, उन्माद दाखविण्यासाठी गायक मुद्दाम आवाजात खरखर आणतो. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. एरवी त्या स्वस्थ असतात, पण अशा गायनात त्याही थरथरू लागतात. जाणत्या गायकास हे इजा न होता साधते. अजाण गायक मात्र नुसता घसा खरवडतो. त्यातच एका गावाहून दुसऱ्या गावी महिनोन्महिने चालणारे दौरे, रात्रीची जाग्रणे, धूर व मद्य यांची भर पडते. कुदळ-फावडे सतत हाती धरणाऱ्याच्या तळहातास जसे घट्टे पडतात, तशाच लहान गाठी स्वरतंतूंवर येतात. मग घड्या नीट मिटत नाहीत, आवाज घोगरा होतो, उंच स्वर हाती लागत नाहीत.

या साऱ्याचे एक ठळक उदाहरण आपल्याला महाराष्ट्रातच सापडते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सेंट पीटर्स नावाची निवासी शाळा आहे. तेथे 1955 च्या सुमारास आफ्रिकेतील झांझिबार बेटावरून एक पारशी मुलगा शिकावयास आला. त्याचे नाव फरोख बलसारा. 5 सप्टेंबर 1946 रोजी त्याचा जन्म झाला होता. पाचगणीस असताना तो पियानो शिकला व मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा एक वाद्यवृंदही त्याने काढला. त्यात तो मुख्यतः पियानो वाजवीत असे. 1964 साली झांझिबारात क्रांती झाली, तेव्हा त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे 1970 साली ‘क्वीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला आणि पाचगणीचा फरोख ‘फ्रेडी मर्क्युरी’ या नावाने जगप्रसिद्ध झाला.

2016 साली युरोपातील काही संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाखतीत बोलताना त्याच्या आवाजाची सरासरी दर सेकंदास सुमारे 117 कंपने एवढी भरली; म्हणजे त्याचा बोलण्याचा आवाज सामान्य पुरुषासारखाच होता. ज्याचे उंच स्वर ऐकून लोक थक्क होत, त्याचा मूळ कंठ मध्यम ठेवणीचा असावा असा तर्क त्यावरून निघाला. खरखरीत गाताना त्याच्या वरच्या घड्याही थरथरत असाव्यात, असेही त्यात दिसून आले. तात्पर्य, त्याची उंची ही निसर्गाची देणगी कमी व कष्टाची कमाई अधिक होती.

या कमाईची किंमतही त्याला द्यावी लागली. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. 1975 साली अमेरिकेच्या दौऱ्यात घशाच्या विकारामुळे काही कार्यक्रम रद्द करावे लागले. शस्त्रक्रियेने आवाजच पालटेल या भीतीने तो ती टाळीत राहिला. त्याऐवजी त्याने दुसरा मार्ग काढला. ध्वनिमुद्रणात जे स्वर त्याने शिखरावर नेले होते, तेच रंगमंचावर तो पुष्कळदा खालून घेई. चालीस थोडे वळण देई, आणि अतिउंच जागा साथीतील ढोलवादक रॉजर टेलर गाई. रोज रात्री गावयाचे असेल, तर उद्याच्या गाण्यासाठी आज काही राखून ठेवले पाहिजे, हे त्याने ओळखले होते. वर्षांबरोबर त्याचा आवाज जाड व भारदस्त झाला. त्याच्या प्रारंभीच्या मुद्रिका व 1980 नंतरच्या मुद्रिका एकापाठोपाठ ऐकल्या, तर हा फरक सहज कळतो. 1987 साली त्याला एड्सच्या विकाराचे निदान झाले. पुढच्याच वर्षी स्पेनची विख्यात गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर त्याने गायिलेली गीते प्रसिद्ध झाली. त्यानंतर देह खंगत गेला, चालणेही कठीण झाले. तरी 1991 च्या मे महिन्यापर्यंत तो ध्वनिमुद्रण करीत होता. आपल्या अखेरच्या गीताचे शेवटचे कडवे मात्र त्याच्याने पुरे झाले नाही. ते त्याचा सहकारी ब्रायन मे याने गायिले. 24 नोव्हेंबर 1991 रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी फ्रेडीचे निधन झाले. त्यामुळे वृद्ध फ्रेडीचा आवाज कसा असता, हे जगाला कधीच कळणार नाही.

इतर काही गायकांना दीर्घायुष्य लाभले, तेव्हा त्यांच्या कंठाचे काय झाले ते पाहू. इंग्लंडचा एल्टन जॉन याच्या घशावर 1987 साली शस्त्रक्रिया झाली. तिच्यानंतर त्याचा पूर्वीचा पातळ, उंच आवाज गेला व खोल, घुमारेदार आवाज आला. त्याने त्या नव्या आवाजासाठी नवी गीते रचली व आणखी कित्येक वर्षे तो गात राहिला. ‘लेड झेपेलिन’ या वाद्यवृंदाचा रॉबर्ट प्लँट तरुणपणी किंचाळ्यांसारख्या तारस्वरासाठी प्रसिद्ध होता. उतारवयात त्याने जुन्या आरोळ्यांची नक्कल करण्याचा हट्ट धरला नाही. ॲलिसन क्राउस या गायिकेबरोबर 2007 साली त्याने हळुवार, खालच्या सुरातील गीते गायिली आणि त्या गीतसंग्रहास 2009 साली अमेरिकेतील सर्वोच्च ग्रॅमी पारितोषिक मिळाले. याउलट ‘एरोस्मिथ’चा स्टीव्हन टायलर वयाच्या पंचाहत्तरीतही तशाच आवेशाने गात होता, सप्टेंबर 2023 मध्ये त्याच्या स्वरयंत्रास इजा झाली आणि 2024 साली त्या वाद्यवृंदाने दौरे बंद केल्याचे जाहीर केले. नशीब हा भाग यात असतोच. परंतु बदललेल्या वाद्यावर जुनीच चाल ओढून काढणे किती धोक्याचे आहे, हेही यावरून दिसते.

आपल्या संगीतात याविषयी फार शहाणपणाची रीत आहे. आपला गायक ठराविक उंचीच्या षड्जास बांधलेला नसतो. तरुणपणी काळी दोनमध्ये गाणारा गवई वय झाल्यावर काळी एक वा पांढरी एकमध्ये गातो. तंबोरा त्याप्रमाणे जुळवून घेतो, आणि श्रोत्यांस त्यात काही उणे वाटत नाही. रागाचे रूप स्वरांच्या परस्परसंबंधात असते, अमुक उंचीत नसते. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांतही हेच चालते. बुवांचा आवाज चढेना की पेटीवाला न सांगता पट्टी उतरवितो व अभंग पुढे सुरू राहतो. पाश्चात्य वाद्यवृंदांनीही आता हाच उपाय स्वीकारला असून पुष्कळ वयस्क गायकांसाठी गिटारी अर्धा-एक स्वर खाली जुळवितात.

परंतु पट्टी उतरवून भागत नाही असेही प्रसंग येतात. आपल्याच मध्यप्रदेशातील देवास येथे कुमार गंधर्व यांनी अशा प्रसंगास तोंड दिले. त्यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळ झाला. लहान वयातच त्यांच्या गायनाने लोक चकित झाले होते. 1948 च्या आरंभी क्षयाच्या विकारामुळे ते हवापालटासाठी देवासला आले. पुढील काही वर्षे गाणे तर सोडाच, मोठ्याने बोलणेही त्यांना वर्ज्य होते. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्याची लोकगीते ऐकत व त्यांवर विचार करीत. 1953 साली ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा लांबलचक दमाच्या ताना त्यांच्या हाती उरल्या नव्हत्या. त्यांनी लहान, तीक्ष्ण, अचूक स्वरवाक्यांचे गायन सिद्ध केले. दोन वाक्यांमधील शांततेसही अर्थ दिला. जी उणीव होती, तीच त्यांच्या शैलीची ओळख झाली. 12 जानेवारी 1992 रोजी ते निवर्तले. म्हणजे आजारातून उठल्यावर ते जवळजवळ चाळीस वर्षे गायिले.

गंगूबाई हनगल यांची कथाही अशीच बोधप्रद आहे. 1913 साली धारवाड येथे जन्मलेल्या या गायिकेचा आवाज प्रारंभी पातळ व नाजूक होता. घशाच्या विकारावरील उपचारानंतर तो इतका भारदस्त झाला की, न पाहता ऐकणाऱ्यास पुरुषच गात आहे असे वाटे. दुसरी एखादी खचून गेली असती. गंगूबाईंनी त्या आवाजालाच आपले वैभव केले. सवाई गंधर्वांकडे कुंदगोळ येथे त्यांनी घेतलेली कष्टाची तालीम त्या आवाजात अधिकच शोभून दिसली. 2009 साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर किराणा घराण्याच्या त्या एक आधारस्तंभ म्हणून मानल्या गेल्या होत्या.

कंठ फारसा न बिघडविता काळ किती लांबविता येतो, याचे उदाहरण लता मंगेशकर यांचे होय. त्यांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरला झाला. 1949 सालच्या ‘महल’ चित्रपटातील त्यांचे गाणे आणि 2006 सालच्या ‘रंग दे बसंती’मधील गाणे आज घरबसल्या ऐकता येते. वाचकांनी ही दोन्ही गाणी मुद्दाम एकापाठोपाठ ऐकावीत. मधल्या सत्तावन्न वर्षांत आवाजाची चकाकी कमी झालेली व श्वास थोडका झालेला कानास कळेल. परंतु शब्दोच्चारातील स्पष्टता व स्वराचा नेम कायम असल्याचेही कळेल. कंठातील काही भाग वय नेते आणि काही भाग साधना राखते, हा फरक त्या दोन गाण्यांतून पुस्तकापेक्षाही चांगला समजतो.

आता या विवेचनाचा आपल्या नित्याच्या जीवनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आवाजावर ज्यांचे पोट आहे असे लोक केवळ गायकच नसतात. दिवसभर वर्गात बोलणारे शिक्षक, आठवडी बाजारात भाव पुकारणारे विक्रेते, कीर्तनकार, रात्रभर खडी गंमत रंगविणारे शाहीर, हे सारे कंठाचेच कामगार होत. त्यांनी व भावी गायकांनी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाणी वरचेवर प्यावे. घसा बसला असता कुजबुजत बोलू नये; तशा बोलण्यानेही पुष्कळदा घशावर ताणच पडतो, त्यापेक्षा मौन बरे. वारंवार खाकरू नये. खेळाच्या मैदानावर सतत किंचाळू नये; टाळ्या व शिट्टी यांचा उपयोग करावा. विडी, सिगारेट व खर्रा यांपासून दूर राहावे. त्यांनी आवाजच नव्हे, प्राणही धोक्यात येतो. आणि आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर घरगुती काढ्यांवर विसंबून न राहता नाक-कान-घशाच्या डॉक्टरांस दाखवावे.

याहून मोठी गोष्ट अशी की, आपण वृद्ध गायकाचे गाणे कसे ऐकावे, हेही यातून शिकता येते. पुष्कळ श्रोते गायकाकडे त्याच्या पंचविशीतला आवाज मागतात व तो मिळाला नाही की ‘आता गाणे राहिले नाही’ असे म्हणून मोकळे होतात. हे बोलणे अन्यायाचे आहे. गेलेला आवाज गायकानेही परत मागू नये व श्रोत्यांनीही मागू नये. आज जो आवाज आहे त्यात तो काय सांगतो आहे, ते ऐकावे. एल्टन जॉनने नव्या आवाजासाठी नवी गीते केली, कुमारांनी अपुऱ्या श्वासातून नवे गायन घडविले, गंगूबाईंनी पालटलेल्या आवाजात आपले घराणे उजळले. या तिघांनाही जे गेले त्याचे दुःख झालेच असेल. पण जे उरले त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी आज कोणाचा आवाज फुटत असेल, कोणाचा नुकताच स्थिरावला असेल. तो पुढेही अनेकदा बदलणार आहे. त्या प्रत्येक आवाजाशी नव्याने ओळख करून घेण्याची तयारी ज्याच्या ठिकाणी आहे, त्याच्या गाण्यास वय आड येत नाही, असे आम्हांस वाटते.